मोक्षपट, पाणी आणि पीकपाहणी

खेळ हा कामाचा वैरी होय, अशी आपल्या सुशिक्षित वर्गाची फार जुनी समजूत आहे. एखाद्या गोष्टीचा विचका झाला की आपण तिला ‘पोरखेळ’ म्हणतो, आणि कारभाराची दुर्दशा वर्णावयाची असली की ‘खेळखंडोबा’ हा शब्द आपल्या ओठांवर तयार असतो. असे असता, कचेरीत नवी संगणकप्रणाली रुजवावयाची तर तिची मांडणी खेळाच्या धर्तीवर करावी, असा विचार अलीकडे पाश्चात्त्य देशांत बळावला आहे. हा विचार आपणांस खरोखरच परका आहे काय, आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यास त्यातून काही घेण्याजोगे आहे काय, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

परकेपणाचा प्रश्न फार वेळ टिकत नाही. मोक्षपट हा सापशिडीचा पूर्वज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खेळला गेला. परंपरा त्याचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देते. त्यास समकालीन पुरावा मिळत नाही, हे मान्य करूनही त्याचा हेतू निर्विवाद राहतो. सद्‌गुणाच्या घरातून शिडी वर जाते, दुर्गुणाच्या घरी साप बसलेला असतो. जी गोष्ट कीर्तनकाराने तासभर सांगावी, ती पोर पटावर चार कवड्या टाकून शिकते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा पट इंग्लंडात पोहोचला आणि पुढे त्यातील अध्यात्म गळून नुसती करमणूक उरली. तथापि मूळ पटातील एक गोष्ट आमच्या मते शिडीपेक्षाही मोलाची आहे. सापाने गिळलेला खेळाडू खाली येतो, पण पटाबाहेर जात नाही. पुढल्या दानास तो पुन्हा खेळात असतोच.

आता संगणकाकडे वळू. १९९० साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोजच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर ‘सॉलिटेअर’ हा पत्त्यांचा खेळ दिला. माउस हे उपकरण तेव्हा बहुतेकांस नवे होते. पान उचलून दुसऱ्या पानावर नेऊन ठेवता ठेवता कारकुनाच्या हातास माउस ओढण्याची सवय लागावी, हा त्यातील एक हेतू होता, असे सांगतात. पुढे २०१० साली त्याच कंपनीने ‘रिबन हीरो’ नावाचा खेळ काढला. वर्ड, एक्सेल इत्यादींतील न वापरलेली साधने वापरून पाहिली की त्यात गुण मिळत. दोहोंतील तत्त्व एकच: पहिली पायरी लहान असावी, केलेल्या कृतीचे फळ तत्काळ दिसावे, आणि चुकीची किंमत जवळजवळ शून्य असावी.

आपल्या राज्याने मात्र आरंभी निराळा मार्ग धरला. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याचा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम गावोगाव पोहोचला, हे त्याचे श्रेय निःसंशय आहे. परंतु शासकीय सेवकांपुढे परीक्षेची सक्ती आली, आणि ती मुदतीत न देणाऱ्यांच्या वेतनवाढी अडकण्यापर्यंत प्रकरणे गेली. सक्तीने प्रमाणपत्र मिळते. हात वळतोच असे नाही.

याच सुमारास, म्हणजे २०००-०१ साली, ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान निघाले. त्यात गावांची गावांशी स्पर्धा होती. पुढे २०१६ साली पानी फाउंडेशनने ‘वॉटर कप’ ही स्पर्धा तीन तालुक्यांत सुरू केली, आणि दुसऱ्याच वर्षी ती तीस तालुक्यांत गेली. त्यांत आपल्या जिल्ह्यातील कळंब, राळेगाव व उमरखेड हे तालुके होते. रचना पाहण्याजोगी आहे. आधी गावच्या निवडक माणसांस प्रशिक्षण; मग ८ एप्रिल ते २२ मे असे ४५ दिवस; श्रमदान, यंत्राचे काम, शोषखड्डे, रोपवाटिका यांस ठरलेले गुण; आणि शेवटी विजय. उतारावर समतल चर कसा आखावा, हे शास्त्र पूर्वी अभियंत्याच्या वहीत होते. ते वैशाखाच्या उन्हात शेतकऱ्याच्या हाती आले, त्यास आम्ही या स्पर्धेचे खरे बक्षीस समजतो.

येथे एक आक्षेप येतो, व तो योग्य आहे. ज्याला गुण नाहीत ते काम स्पर्धा विसरायला लावते, आणि ढाल कपाटात गेल्यावर कुदळही कोपऱ्यात जाते. केवळ गुणांसाठी खणलेला चर दोन पावसाळ्यांत बुजतो. म्हणून खेळाचे फळ खेळाबाहेरही मिळाले पाहिजे. विहिरीस पाणी आले, तरच पुढल्या वर्षी माणसे फावडे उचलतील.

या कसोटीवर आजची एक संगणकप्रणाली पाहू. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे गेल्यावर महसुलाची जी घडी बसली, तीत शेतात काय पेरले हे पटवाऱ्याचे दप्तर सांगे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ‘ई-पीक पाहणी’ आली, आणि ही नोंद शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून, मोबाईलवर पिकाचे छायाचित्र काढून करावी असे ठरले. लेखणी पटवाऱ्याच्या हातून कुळाच्या हाती आली, ही लहानसहान क्रांती नव्हे. पण ज्याच्या सातबाऱ्यावर कपाशीची नोंद नाही, त्याची विक्रीच्या वा नुकसानभरपाईच्या वेळी अडचण होते. कोरडवाहू शेतीच्या या जिल्ह्यात एक हंगाम हातचा जाणे म्हणजे काय, हे वाचकांस सांगावयास नको.

अशा ठिकाणी चुकीचे भय हाच मोठा साप होय. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत शेतकऱ्यास आपली नोंद ४८ तासांच्या आत स्वतः एकदा दुरुस्त करण्याची सोय देण्यात आली. चकचकीत पदके वा टाळ्यांचे आवाज यांहून आम्हांस ही साधी सोय अधिक खेळाच्या जातीची वाटते. कारण तीत मोक्षपटाचा मूळ न्याय आहे. जो चुकला तो पटाबाहेर गेला नाही.

आपल्या कचेऱ्यांच्या पटावर शिड्या थोड्या आणि साप फार, असा आजवरचा अनुभव आहे. नवी प्रणाली आणणाऱ्याने तिला खेळाचे रंग द्यावेत की न द्यावेत, हा गौण प्रश्न होय. पडलेल्यास पुढले दान मिळेल की नोटीस मिळेल, एवढे त्याने आधी ठरवावे.