खांबाशी झुंज

मराठीत ‘तालीम’ हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. पहिलवान जेथे अंग कमावतात ती जागा म्हणजे तालीम. आणि नाटक रंगभूमीवर येण्यापूर्वी नटमंडळी जे पुनःपुन्हा करून पाहतात, तीही तालीमच. शब्द मूळचा अरबी, अर्थ शिक्षण. हैदराबादेत आजही शाळेतील विद्येला तालीम म्हणतात आणि कुस्तीच्या आखाड्यालाही तालीमच म्हणतात. शिक्षण, आखाडा आणि पूर्वाभ्यास या तिन्ही गोष्टी दख्खनच्या लोकांनी एकाच शब्दात बांधल्या, यात आम्हांस मोठा अर्थ दिसतो.

तथापि या पूर्वाभ्यासाविषयी एक आक्षेप नेहमी घेतला जातो. प्रतिस्पर्धी काही आधी ठरवून दिल्याप्रमाणे अंगावर येत नाही. मग ठरीव पवित्रे आणि ठरीव पकडी वर्षानुवर्षे घोटण्यात काय हशील? तेवढा वेळ प्रत्यक्ष झुंजण्यात का घालवू नये? आक्षेप वरवरचा नाही. त्याचे उत्तर शोधताना आमचे लक्ष हैदराबाद आणि पुणे यांना जोडणाऱ्या एका जुन्या कथेकडे जाते.

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत, म्हणजे १७९६ ते १८१८ या काळात, निजामाच्या पदरचे अली आणि गुलाब नावाचे दोन नामांकित मल्ल पुण्यास आले आणि त्यांनी पेशव्यांच्या दरबारात कुस्तीचे आव्हान दिले, असे परंपरा सांगते. कुस्ती द्यावी, नाही तर जयपत्र लिहून द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. कोणी पुढे होईना, तेव्हा बाळंभटदादा देवधर या तरुणाने आव्हान स्वीकारले आणि तयारीसाठी मुदत मागून घेतली. तो वणीच्या सप्तशृंगीच्या चरणी गेला. तेथे मारुतिरायाने वानररूपाने खांबावरच्या पकडी व उड्या दाखविल्या, अशी श्रद्धा आहे. पुण्यास परतल्यावर त्याने अलीस चीत केले. पुढे बाळंभटदादांनी या विद्येची घडी बसविली, शिष्य तयार केले आणि मल्लखांब महाराष्ट्राबाहेर दूरवर पोहोचला.

दृष्टांत हा श्रद्धेचा विषय आहे. त्याचा पुरावा मागणे अप्रस्तुत होय. परंतु इतिहासाची बाजूही वाचकांपुढे ठेवली पाहिजे. मल्लखांबाचा उगम बाळंभटदादांपासून धरता येत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या खांबाचा उल्लेख आहे. ही कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत ती हैदराबाद संस्थानाच्या आणि मग हैदराबाद राज्याच्या हद्दीतच होती. तेव्हा ज्या भूमीतून पुण्यास आव्हान आले, त्याच भूमीत या विद्येचा जुना लेख सापडतो. बाळंभटदादा हे तिचे पुनरुज्जीवक ठरतात, आणि यात त्यांना कमीपणा नाही. नवे शोधण्यापेक्षा विस्मृतीत चाललेले उचलून पुन्हा उभे करणे अनेकदा अधिक कठीण असते.

ही कथा हिंदू व मुसलमान यांच्या चढाओढीची म्हणून सांगण्याचा मोह काहींस होतो. आम्हांस ते वाचन उथळ वाटते. पहिलवान, वस्ताद, कुस्ती, पेच, जोर हे आपल्या आखाड्यातले रोजचे शब्द फारसी-अरबी वळणाचे आहेत. मल्ल, दंड, खांब हे संस्कृतातून आलेले. दोन्ही घराण्यांचे शब्द एकाच मातीत लोळले. पुण्याचा आखाडा आणि हैदराबादची तालीम या एकाच दख्खनी विद्येच्या दोन शाखा होत्या. अली-गुलाबांचे आव्हान आले नसते, तर खांब पुन्हा उभा राहता ना. समर्थ प्रतिस्पर्धी हाही एक प्रकारचा गुरूच असतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पुरलेला मल्लखांब सागाचा किंवा शिसवीचा असतो; खाली जाड, वर निमुळता. त्याला अंग, मान आणि बोंड असे भाग असतात. त्यावर एरंडेल चोळतात. सलामी, अढी, तेढी, बगली, दसरंग, फरारे, सुईदोरा, वेल, ताजवे अशा त्यावरील उड्या-पकडींची घराणीच आहेत. साधी अढी घ्या. मांड्या व पाय यांची कैची खांबाला घालून सारे शरीर तोलून धरायचे. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला पाय गुंडाळून त्याला जखडावयाचे असते, तेव्हा हीच पकड कामास येते. फरक इतकाच की माणूस दमतो, ढिला पडतो, कधी चुकून संधीही देतो; खांब यांतले काही करीत नाही. पकड अर्धा बोटभर चुकली तर शिकणारा घसरून खाली येतो. त्याला कोणाला दोष देता येत नाही, स्वतःची फसवणूकही करता येत नाही.

ठरीव अभ्यासाचे पहिले मोल हेच. झुंजीत विचाराला वेळ नसतो. तेथे जे करावयाचे ते आधीच अंगात मुरलेले असावे लागते. दुसरे मोल असे की, झुंज नसतानाही ज्ञान टिकते. आपल्या वैदिक परंपरेने संहितेबरोबर पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ सांभाळले. तीच पदे उलटसुलट क्रमाने घोकून कोणाला नवा मंत्र सुचत नाही. पण त्या घोकंपट्टीनेच मूळ मंत्राचा एक स्वरही ढळू शकला नाही. मल्लविद्येतील पकडी हा शरीराचा घनपाठ आहे. वस्ताद गेला तरी डाव राहतो, कारण तो शिष्याच्या मांड्यांत, मनगटांत आणि पाठीत लिहिलेला असतो.

परंतु आक्षेपकांचे अर्धे म्हणणे आम्ही मान्य करतो. गुजरातेतील ज्येष्ठीमल्लांच्या ‘मल्लपुराण’ या ग्रंथात श्रमांचे प्रकार सांगितले आहेत. त्यांत रंगश्रम, म्हणजे रंगणातील प्रत्यक्ष कुस्ती, वेगळा आणि स्तंभश्रम वेगळा. शिवाय ऊहापोहश्रम, म्हणजे डावांची चर्चा, हाही श्रमच मानला आहे. खांब, माती आणि चर्चा ही तिन्ही असल्याखेरीज मल्ल पुरा होत नाही, असा याचा भावार्थ आम्ही घेतो. जपानात १८८२ मध्ये कोदोकान ही ज्यूदोची शाळा स्थापन करणाऱ्या जिगोरो कानो यांनीही ठरीव पवित्र्यांचा अभ्यास आणि मोकळी झुंज या दोहोंना आपल्या शिक्षणात स्थान दिले. खांबाला मन नसते. तो हुलकावणी देत नाही. हुलकावणी ओळखायची विद्या मातीतच मिळते.

केवळ रूप उरले आणि झुंज गेली, तर काय होते? गोव्यातील सत्तरी-डिचोली भागात शिगम्याला घोडेमोडणी होते. कमरेला लाकडी घोडे बांधून, हातात तलवारी परजीत वीर नाचतात. ती पाहताना ऊर भरून येतो. देवळाच्या प्रांगणात तिने वीरांची स्मृती जपली, हे लहान कार्य नव्हे. पण ते नृत्य आहे. त्यातून तलवारबाजी शिकता येणार नाही. मल्लखांबही आज त्या वळणावर उभा आहे. २०१३ मध्ये मध्य प्रदेशाने त्यास राज्यक्रीडेचा मान दिला. २०१९ मध्ये मुंबईत त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. मुलीही दोरीवर व खांबावर थक्क करणारे कौशल्य दाखवितात. या वैभवाचा आम्हांस आनंद आहे. मात्र पुष्कळ खेळाडूंना अढी म्हणजे कुस्तीतील पकड होय, हे कोणी सांगतच नाही. आणि कुस्तीगिरांपैकीही पुष्कळांनी खांब सोडून दिला आहे.

आपल्या गावोगावच्या मारुतीच्या देवळांशेजारी तालमी उभ्या राहिल्या, त्या बलोपासनेसाठी. देवस्थानांच्या विश्वस्तांस आमची विनंती इतकीच की, जेथे खांब पुराल तेथे शेजारी हौदाही खणा, आणि जेथे हौदा आहे तेथे खांब पुरा. मुलांना सकाळी खांबावर चढू द्या आणि संध्याकाळी मातीत उतरू द्या. वस्तादांनी त्यांना प्रत्येक पकडीचे नाव सांगावे आणि ती कुस्तीत कोठे लागते, तेही दाखवावे. बाळंभटदादा अलीसमोर उभे राहिले, तेव्हा त्यांच्यापाशी खांबाचा अभ्यास होता. पण तो अभ्यास त्यांनी केला, तो कोणाशी तरी खरोखर झुंजायचे होते म्हणून.