लूत आणि काझोर्ला येथील रानबोकड

मराठीत जनावरांच्या खरजेस ‘लूत’ म्हणतात. संस्कृत ‘लूता’ म्हणजे कोळी. पुढे त्याच शब्दाने एका त्वचारोगाचाही निर्देश होऊ लागला. लूत ज्याच्यामुळे होते तो सार्कोप्टेस स्कॅबिई हा आठ पायांचा सूक्ष्म किडा कोळ्याच्याच वर्गातील आहे. परंतु हा योगायोगच मानावा. प्राचीन वैद्यांना किडा ठाऊक होता असे त्यावरून म्हणणे धाडसाचे होईल. त्याचे सूक्ष्मदर्शकाखालील वर्णन बोनोमो या इटालियन वैद्याने १६८७ मध्ये प्रसिद्ध केले. तरीही खरूज रक्तदोषाने होते हा समज मावळावयास सुमारे दीड शतक जावे लागले.

किड्याची मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदे खणून त्यांतच अंडी घालते. केस झडतात, कातडी जाड होऊन भेगाळते, आणि पशू चरणे सोडून अंग घाशीत राहतो. पाळीव जनावरास औषध मिळते. रानातल्यास कोण देणार?

दक्षिण स्पेनमधील काझोर्ला पर्वतराजी १९६० मध्ये राखीव शिकारक्षेत्र व १९८६ मध्ये निसर्गोद्यान झाली. लगेच १९८७ मध्ये तेथील आयबेक्स या रानबोकडांत लूत शिरली आणि त्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक नष्ट झाले. रोग पाळीव शेळ्यांकडून आला असावा, असे संशोधक मानतात. तथापि केवळ शेळ्यांवर ठपका ठेवून भागत नाही. जवळच्याच सिएरा नेवाडात १९९२ मध्ये लूत आढळली. तेथे एवढा संहार झाला नाही. किडा तोच असता परिणाम भिन्न का, याचा विचार करताना कळपांची दाटी व चाऱ्याची स्थिती लक्षात घ्यावी लागते. बंदुकीपासून दिलेल्या संरक्षणाने कळप वाढले. शेजारच्या शेळ्यांचा विचार मात्र त्या संरक्षणात नव्हता.

अर्जेंटिनातील सान गियेर्मो येथे हेच पुन्हा घडले. पशुपालनास उत्तेजन म्हणून २००९ मध्ये उद्यानालगत लामा आणले गेले. २०१४ मध्ये व्हिकुन्यांत लूत दिसली आणि थोड्याच वर्षांत त्यांचे कळप जवळजवळ नाहीसे झाले. लामांकडेच बोट दाखविणारा पुरावा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिकुन्या चरत त्या मोकळ्या पठारावर आता गवत वाढले, आणि त्यांच्या प्रेतांवर जगणारे कंडोर तेथे पूर्वीइतके दिसेनासे झाले.