अमेरिकन विद्यालयांतील निबंध आणि तांबडी शाई

इसवी सन १८७४ हे वर्ष मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचे आहे. त्या वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली आणि मराठी निबंधाला स्वतःचा असा थाट प्राप्त झाला. सरकारी शाळेतील एका शिक्षकाने, कोणी फर्मावले नसताना, केवळ अंतःकरणाच्या ऊर्मीने हाती घेतलेले ते लेखन होते. योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकेतही निबंधाच्या इतिहासातील एक महत्त्वाची घटना घडली. तेथे मात्र निबंध आला तो परीक्षेच्या दारातून. हार्वर्ड विद्यापीठाने प्रवेशेच्छू विद्यार्थ्यांकडून इंग्रजी निबंध लिहून घेण्यास त्या वर्षी प्रारंभ केला आणि निबंधाचा विषय नामांकित ग्रंथांतून काढला जाईल असे जाहीर केले. अभिजात वाङ्मयाचे वाचन आणि त्यावरील निबंध ही जोडी अमेरिकन हायस्कुलात आज इतकी रुळली आहे की, ती अनादिकालापासून चालत आली असावी असे वाटते. वस्तुतः ती या एका नियमातून रूढ झाली. आणि तिच्यातील उणीव ध्यानात येण्यास पुढे जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली.

त्यापूर्वीची स्थिती निराळी होती. अमेरिकेतील पहिले सार्वजनिक हायस्कूल १८२१ साली बोस्टन येथे स्थापन झाले. त्या काळी अभिजात म्हटले म्हणजे लॅटिन व ग्रीक ग्रंथच समजले जात. इंग्रजी ही मातृभाषा. तिचे वाङ्मय मुलांनी घरी दिव्याशी बसून वाचावे, त्याला गुरू कशाला हवा, असा सुशिक्षितांचा समज असे. शाळेत इंग्रजीच्या नावाखाली व्याकरण, शुद्धलेखन व वक्तृत्व एवढेच शिकवले जाई. लिंडले मरे यांचे १७९५ साली प्रसिद्ध झालेले व्याकरण मुले तोंडपाठ करीत. मॅकगफी यांच्या वाचनमालेतील उतारे उंच स्वरात म्हणून दाखवले की वाङ्मयाचा अभ्यास पुरा झाला असे मानीत.

चार्ल्स विल्यम इलियट १८६९ साली हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि हे चित्र पालटू लागले. ज्या भाषेत मनुष्याला आयुष्यभर विचार करावयाचा आहे त्या भाषेकडेच विद्यालयांनी पाठ फिरवावी, ही गोष्ट त्यांना खटकत होती. १८७२ साली त्यांनी ॲडम्स शर्मन हिल यांना अध्यापनासाठी पाचारण केले. हिल हे कायद्याचे पदवीधर. वृत्तपत्राच्या कचेरीत त्यांनी काही काळ काढलेला होता. १८७४ च्या परीक्षेसाठी जी ग्रंथसूची जाहीर झाली तीत शेक्सपिअरची ‘टेम्पेस्ट’, ‘ज्युलियस सीझर’ व ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ ही तीन नाटके, गोल्डस्मिथची ‘व्हिकार ऑफ वेकफील्ड’ ही कादंबरी आणि स्कॉटची दोन पुस्तके होती. निबंध छोटाच असावा, परंतु शुद्धलेखन, विरामचिन्हे, व्याकरण व शब्दयोजना या चारही बाबतींत तो निर्दोष असावा, अशी अट होती. अटीत विचाराचा उल्लेख नव्हता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. पहिल्या काही वर्षांत सुमारे निम्मे उमेदवार अनुत्तीर्ण झाले. विद्यापीठाने शाळांना दोष दिला. १८९२ साली हार्वर्डच्या एका समितीने उत्तरपत्रिका तपासून शाळांवर कडक ताशेरे ओढले. त्या समितीत चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स, संपादक गॉडकिन व जोसाया क्विन्सी असे तिघे नामवंत गृहस्थ होते; मात्र त्यांच्यापैकी एकही शाळेत इंग्रजी शिकवणारा नव्हता. त्याच वर्षी इलियट यांच्याच अध्यक्षतेखाली ‘दहांची समिती’ नेमण्यात आली. हायस्कुलाच्या चारही वर्षांत इंग्रजी शिकवावे, आणि दुसऱ्याचा विचार समजून घेणे व स्वतःचा विचार प्रकट करणे यांचा तिच्या अध्यापनाच्या मुख्य हेतूंत समावेश असावा, अशी शिफारस तिच्या अहवालात होती. हेतू उदात्त होते यात शंका नाही. पण शाळांच्या हाती प्रत्यक्षात पडल्या त्या याद्या. प्रत्येक महाविद्यालयाची यादी वेगळी असल्याने शिक्षकांची तारांबळ उडे; म्हणून समाईक याद्या निघाल्या. १९०० साली महाविद्यालयांचे प्रवेशपरीक्षा मंडळ स्थापन झाले आणि त्या याद्यांना कायद्याचे बळ आल्यासारखे झाले. ‘ज्युलियस सीझर’, जॉर्ज एलियटची ‘सायलस मार्नर’, अमेरिकेशी समेट करावा असे सांगणारे बर्कचे भाषण, मेकॉलेचे निबंध ही पुस्तके गावोगावच्या वर्गांत पोहोचली ती या वाटेने.

आता या व्यवस्थेत निबंधाची गती काय होई ते पाहावे. विद्यार्थी एका बैठकीत निबंध लिही. शिक्षक तो घरी नेई, तांबड्या शाईने चुका दाखवी, समासात खुणा करी व परत देई. विद्यार्थी त्या चुका दुरुस्त करून स्वच्छ प्रत काढी. याचेच नाव पुनर्लेखन. त्यात अक्षर सुधारे, स्वल्पविराम जागेवर येत. परंतु पहिल्या प्रतीतील विचार जसाच्या तसा दुसऱ्या प्रतीत उतरे. पोकळ विचाराची शुद्ध नक्कल एवढेच त्याचे फळ.

यात शिक्षकाला दोष देणे न्यायाचे होणार नाही. हिशेब साधा आहे. शंभर विद्यार्थी, आठवड्यास एक निबंध आणि प्रत्येकास दहा मिनिटे धरली, तर एक हजार मिनिटे, म्हणजे सोळा तासांहून अधिक वेळ केवळ तपासण्यात जातो. आणि दिवसभराचे अध्यापन असतेच. १९११ साली अमेरिकेतील इंग्रजीच्या शिक्षकांनी शिकागो येथे आपली राष्ट्रीय परिषद स्थापन केली. महाविद्यालयांनी लादलेल्या याद्यांविषयीचा असंतोष हे तिच्या स्थापनेचे एक मोठे कारण होते. पुढल्याच जानेवारीत ‘इंग्लिश जर्नल’ या मासिकाचा पहिला अंक निघाला. त्यातील पहिला लेख कॅन्सस विद्यापीठाचे एडविन हॉपकिन्स यांचा होता. सध्याच्या परिस्थितीत निबंधलेखन चांगल्या रीतीने शिकवता येईल काय, असा प्रश्न त्यांनी शीर्षकातच विचारला होता, आणि लेखाच्या आरंभी त्याचे उत्तर एका शब्दात दिले होते : नाही. थकलेल्या डोळ्यांना स्वल्पविरामाची चूक झटकन दिसते. विचारातील चूक दिसण्यासाठी थांबावे लागते. थांबण्याइतका अवकाश शिक्षकाजवळ ठेवलेलाच नव्हता.

गंमत अशी की, पुनर्लेखन म्हणजे काय याचा उत्तम दाखला त्या राष्ट्राच्या जन्मकथेतच होता. १७७६ सालच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा जेफरसन यांनी केलेला कच्चा मसुदा खाडाखोडीसह आजही वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात जपून ठेवलेला आहे. फ्रँकलिन व जॉन ॲडम्स यांनी सुचवलेले बदल त्यात दिसतात. पुढे सभागृहाने गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा एक संपूर्ण परिच्छेद गाळून टाकला. तो बदल शब्दांचा नव्हता, कर्तव्याविषयीच्या निर्णयाचा होता. आणि त्या राष्ट्राला त्या प्रश्नाची किंमत पुढे यादवी युद्धात मोजावी लागली. जाहीरनामा शाळेत पाठ करवून घेत. मात्र मसुद्यातील खाडाखोड हाही एक पाठ होऊ शकतो, हे फार उशिरा सुचले.

वाङ्मयाच्या तासाला हाच प्रकार कसा घडतो ते एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने लिहिले की, ब्रूटस हा निःस्वार्थी देशभक्त होता आणि म्हणून त्याने सीझरला मारले. वाक्य शुद्ध आहे. तांबड्या शाईला तेथे काम नाही. परंतु शिक्षकाने समासात एवढाच प्रश्न लिहिला की, वधाच्या आदल्या रात्री बागेत एकटा असताना ब्रूटस स्वतःशी काय बोलतो, तर विद्यार्थ्याला पुस्तक पुन्हा उघडावे लागते. तेथे त्याला दिसते की, सीझरविरुद्ध आपले वैयक्तिक गाऱ्हाणे नाही हे ब्रूटस कबूल करतो. सीझरने अद्याप जुलूम केलेला नाही हेही त्याला ठाऊक आहे. मुकुट मिळाल्यावर तो उद्या बदलेल या केवळ शक्यतेवर तो आज शस्त्र उचलण्याचे ठरवतो. आता पहिले वाक्य टिकत नाही. सज्जन मनुष्य अनुमानाच्या आधारे हत्येपर्यंत कसा पोहोचतो, हा निबंधाचा खरा विषय होतो. असे पुनर्लेखन पुनर्वाचनावाचून घडूच शकत नाही. इंग्रजीत पुनर्लेखनाला जो शब्द आहे त्याचा मूळ लॅटिन अर्थ ‘पुन्हा पाहणे’ असाच आहे.

ही जाण हळूहळू आली. १९३८ साली लुईस रोझनब्लाट या विदुषीने आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, कलाकृतीचा अर्थ पुस्तकात तयार ठेवलेला नसतो. वाचक व कृती यांच्या भेटीत तो घडतो. म्हणजे विद्यार्थ्याचा पहिला, कच्चा प्रतिसाद ही चूक नव्हे. ती अभ्यासाची सुरुवात होय. मात्र त्या प्रतिसादाकडे त्याने परत जाऊन तो तपासला पाहिजे.

लेखनाच्या बाजूने हाच शोध लागला तो १९७१ साली. जॅनेट एमिग यांनी हायस्कुलाच्या अखेरच्या वर्षातील आठ विद्यार्थ्यांना मोठ्याने विचार बोलत लिहावयास लावले व ते टिपून घेतले. पाठ्यपुस्तके सांगत की लेखक आधी आराखडा करतो, मग लिहितो, मग सुधारतो. ही मुले तशा सरळ रेषेत चालत नव्हती. आणखी एक गोष्ट आढळली. शाळेने सांगितलेले लेखन विद्यार्थी आपण होऊन फारसे सुधारत नाहीत. स्वतःच्या इच्छेने लिहिलेले मात्र पुन्हा पुन्हा हाताळतात. पुढल्या वर्षी डोनाल्ड मरे यांनी शिक्षकांना आवाहन केले की, लेखन ही प्रक्रिया म्हणून शिकवा, केवळ तयार वस्तू म्हणून नव्हे. मरे हे अग्रलेखांसाठी १९५४ साली पुलित्झर पारितोषिक मिळवलेले पत्रकार होते. आपलीच पाने किती वेळा फाडावी लागतात हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. १९८० साली नॅन्सी सोमर्स यांनी महाविद्यालयात नव्याने आलेले वीस विद्यार्थी व वीस मुरलेले लेखक यांची तुलना केली. विद्यार्थ्यांना पुनर्लेखन म्हणजे शब्द बदलणे वाटे. अनुभवी लेखक त्यातून आपल्या युक्तिवादाचा आकार शोधत. त्या विद्यार्थ्यांच्या सवयीमागे तांबड्या शाईची कित्येक वर्षे उभी होती.

१९७४ साली, म्हणजे हार्वर्डच्या नियमाला बरोबर शंभर वर्षे होत असताना, बर्कले येथे जेम्स ग्रे यांनी शिक्षकांसाठी एक उपक्रम सुरू केला. जो लेखन शिकवतो त्याने स्वतः लिहिले पाहिजे, आपला मसुदा सहकाऱ्यांपुढे ठेवला पाहिजे, हे त्याचे सूत्र. पुढे तो राष्ट्रव्यापी झाला. वर्गात मसुदे, परस्परवाचन, शिक्षकाशी दोन शब्द बोलणे या गोष्टी रूढ झाल्या.

तथापि इतिहास सरळ पुढे जात नाही. प्रक्रियेचाही विधी होऊ शकतो : सोमवारी मसुदा, बुधवारी सुधारणा, शुक्रवारी स्वच्छ प्रत; आणि विचार होता तेथेच. संगणकाने खाडाखोड सोपी केली. पण शब्द हलवणे सोपे झाले म्हणून मत तपासणे सोपे होत नाही. १९०० सालच्या त्याच परीक्षामंडळाने २००५ मध्ये आपल्या प्रवेशपरीक्षेत पंचवीस मिनिटांचा निबंध घातला. पंचवीस मिनिटांत पुन्हा पाहावयास वेळ कोठला? १८७४ चा साचा पुन्हा उभा राहिला. २०१६ मध्ये तो निबंध ऐच्छिक करण्यात आला आणि २०२१ मध्ये सर्वसाधारण परीक्षेतून तो काढून टाकण्यात आला.

या दीर्घ कथेचे सार थोडके आहे. शुद्धलेखन हवेच, अशुद्ध भाषेचा पुरस्कार वर उल्लेखिलेल्यांपैकी कोणीही केलेला नाही. परंतु शुद्धतेपाशी थांबणारा निबंध विद्यार्थ्याला एवढेच शिकवतो की, पहिला विचार हाच अखेरचा विचार, फक्त तो नीटनेटका दिसला पाहिजे. नागरिक म्हणून पुढे वावरणाऱ्या मुलाला ही शिकवण घातक आहे. ब्रूटसने बागेत केलेले अनुमान पुन्हा तपासले असते तर, हा प्रश्न ज्याला एकदा वर्गात पडला, तो स्वतःच्या मतांकडेही दुसऱ्यांदा पाहण्यास शिकतो. १८७४ साली एकीकडे निबंध परीक्षेच्या धाकाने लिहिला गेला, दुसरीकडे तो मनाच्या ओढीने लिहिला गेला. कोणत्या लेखनाकडे मनुष्य पुन्हा पुन्हा परततो, हे एमिग यांच्या आठ विद्यार्थ्यांनी सांगून ठेवले आहे. परीक्षेच्या निबंधात ती ओढ निर्माण करणे हेच शिक्षकाचे खरे काम, आणि त्याला मुख्यतः लागतो तो वेळ.