लोनाडची गुहा आणि चौलचा सोनार

भूगोल शिकवताना चुनखडीच्या गुहेचे चित्र दाखवले की मुले हमखास विचारतात, "आपल्याकडे अशी गुहा कुठे आहे?" दिव्याच्या आसपास ती नाही. पावसाच्या किंचित आम्ल पाण्यात चुनखडी विरघळते आणि हजारो वर्षांनी बस्तरच्या कुटुमसरसारखी गुहा तयार होते. आपल्या पायाखाली आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा कातळ. तो असा विरघळत नाही. इथे छिन्नी-हातोडा घ्यावा लागतो, म्हणूनच इथल्या गुहांना माणसांचा इतिहास आहे.

भिवंडी तालुक्यातल्या लोनाड गावच्या टेकडीत ५व्या-६व्या शतकातली बौद्ध गुहा आहे. काम अर्धवट राहिलेले. ओसरीत खांब आणि राजदरबाराचे शिल्प. आत आज खंडेश्वरी देवीची पूजा होते. उर्दू माध्यमातल्या आमच्या मुलांना 'गार' म्हटले की गार-ए-हिरा आठवते. लोनाडचे नाव काढले की विचारतात, "सर, ते आपले नाही ना?" हा प्रश्न आम्हाला टोचतो.

अशी कामे कोणाच्या पैशातून होत, हे कान्हेरीच्या शिलालेखांत वाचायला मिळते. दाते राजेच नव्हते. कल्याणचे व्यापारी होते, लोहार होता. चौलच्या सोनाराच्या मुलाने पाण्याचे टाके खोदवले. हा बंदरांचा पैसा. लोनाडची गुहा खोदली गेली साधारण त्याच काळात, ६व्या शतकात, कॉस्मस नावाच्या ग्रीक लेखकाने कल्याणच्या बंदरातून पितळ आणि कापड जाते असे लिहून ठेवले.

त्याच बंदरांत पुढे आपले लोक उतरले. महाराष्ट्रात मुसलमान १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीच्या घोडदळाबरोबर आला, अशी समजूत शिकल्यासवरलेल्यांतही आहे. पण बगदादचा अल-मसूदी हिजरी ३०४, म्हणजे इ.स. ९१६च्या सुमारास सैमूरला, म्हणजे त्याच चौलला आला होता. तेव्हा शिलाहार राजा झंझ राज्य करत होता. मसूदीने तिथे सुमारे १०,००० मुसलमान पाहिले: सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे. त्यांचे तंटे त्यांच्यातलाच एक प्रमुख सोडवी, त्याला 'हुनरमन' म्हणत. आणि जे मुसलमान याच मातीत जन्मले होते, त्यांच्यासाठी मसूदीने वेगळा शब्द नोंदवला आहे, 'बयासिरा'.