मोठ्या अक्षरांची गोष्ट

इंग्रजी वाक्याचे पहिले अक्षर कॅपिटल. माणसांची, गावांची, वारांची, महिन्यांची नावे कॅपिटल. 'मी' या अर्थाचा 'आय' तर वाक्यात कुठेही आला तरी कॅपिटल. हे नियम आपण फळ्यावर लिहून देतो, मुले ते पाठ करतात, आणि तरीही वह्या तपासताना लाल शाई संपते. हा मुलांचा निष्काळजीपणा आहे असे समजण्यापूर्वी एक गोष्ट आठवावी. देवनागरीत 'पुणे' मधला 'पु' आणि 'पुस्तक' मधला 'पु' अगदी सारखाच असतो. मग इंग्रजीत एकाच अक्षराची दोन रूपे आली कुठून?

मुळात ती दोन नव्हतीच. रोममधल्या ट्रेजन सम्राटाच्या स्तंभावर इ.स. ११३ चा लेख आहे. त्यातली सर्व अक्षरे आज आपण ज्यांना कॅपिटल म्हणतो तशीच आहेत : ताठ, सुटी, सारख्या उंचीची. दगडावर ती शोभतात. पण लेखणीने भराभर लिहू लागले की कोपरे गोल होतात आणि काही रेघा वर-खाली लांबतात. अशा लिखाणातूनच शतकानुशतके छोटी अक्षरे घडत गेली. आठव्या शतकाच्या अखेरीस शार्लमेनच्या राज्यात त्यांचे एक सुबक, सुवाच्य वळण रूढ झाले. इ.स. ७९६ मध्ये टूरच्या मठाचा प्रमुख झालेला अल्क्विन हा विद्वान या कामात अग्रणी होता. जुनी मोठी अक्षरे मात्र टाकून दिली गेली नाहीत. मथळा, प्रकरणाची सुरुवात, वाक्याची सुरुवात दाखवायला ती उपयोगी पडली.

'आय'ची कथा वेगळी आहे. जुन्या इंग्रजीत 'मी'साठी 'इच' असा शब्द होता. त्यातला शेवटचा ध्वनी गळाला आणि उरली एक बारीक उभी रेघ. हस्तलिखितात ती शेजारच्या शब्दात हरवे. म्हणून साधारण तेराव्या शतकापासून लेखनिक ती उंच काढू लागले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. यात अहंकार नाही, वाचकाची सोय आहे.

पुढे छपाई आली. जुळाऱ्याच्या पुढ्यात खिळ्यांच्या दोन पेट्या एकीवर एक मांडलेल्या असत : वरच्या पेटीत मोठी अक्षरे, खालच्या पेटीत छोटी. म्हणूनच इंग्रजीत त्यांना 'अपर केस' आणि 'लोअर केस' म्हणतात. सतराव्या-अठराव्या शतकांत तर इंग्रजीत बहुतेक नामे मोठ्या अक्षराने छापण्याची पद्धत पडली. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'ची १७२६ ची पहिली आवृत्ती किंवा अमेरिकेची १७८७ ची राज्यघटना पाहिली तर ती दिसते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धत ओसरली. जर्मन भाषेत नामे आजही मोठ्या अक्षराने सुरू होतात. डेन्मार्कने तो नियम १९४८ मध्ये सोडला. फ्रेंचमध्ये वार आणि महिने छोट्या अक्षरानेच लिहितात. म्हणजे यातले काही नियम निव्वळ रूढी आहेत.

मराठीत एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांनी विरामचिन्हे रूढ केली. ती इंग्रजीतून घेता आली. कॅपिटल अक्षरे घेता येण्यासारखी नव्हती, कारण देवनागरीत अक्षरांचे दोन संचच नाहीत.

विज्ञानात मात्र हा भेद रूढीपुरता राहत नाही. मोठा 'सी' आणि छोटा 'ओ' म्हणजे कोबाल्ट हा धातू. दोन्ही मोठे लिहिले की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू. मेगावॉटचा मोठा 'एम' छोटा झाला की मिलिवॉट होतो, म्हणजे शंभर कोटी पटींचा फरक! लिटरसाठीचा छोटा 'एल' रोमन लिपीतल्या एक या आकड्यासारखा दिसतो, म्हणून वजने-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९७९ मध्ये मोठा 'एल' वापरायलाही मुभा दिली. 'आय'ला मोठे करणाऱ्या लेखनिकांपुढची अडचणही अशीच होती.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. एक इंग्रजी उतारा पूर्णविराम आणि कॅपिटल अक्षरे काढून मुलांना वाचायला द्यावा. ती कुठे अडखळतात ते त्यांनाच नोंदवू द्यावे. नियम कशासाठी आहे हे त्यांना तिथे कळेल. वह्या तपासतानाही, जिथे अर्थ बदलतो ती चूक आणि जिथे फक्त रूढी मोडते ती चूक, या दोन्हींना आपण एकाच मापाने मोजू नये.