जुन्या कॅमेऱ्यात नेमके काय जुने होते?

२ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेल्या आदित्य-एल१ यानावर पुण्याच्या आयुकाच्या नेतृत्वाखाली घडलेली ‘सूट’ ही अतिनील दुर्बीण आहे. सूर्याची प्रतिमा टिपणारा तिचा संवेदक ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेलांचा असून तो सीसीडी जातीचा आहे. गंमत अशी की, कॅमेऱ्यांच्या बाजारात हीच जात आता ‘जुनी’ समजली जाते. दिल्लीच्या चांदनी चौकातील कूचा चौधरी, कोलकात्याची मेट्रो गल्ली, मुंबईच्या फोर्टातील बोरा बाजार अशा ठिकाणी पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे सीसीडीवाले कॅमेरे हातोहात फिरतात. ते घेणाऱ्यांत हौशी छायाचित्रकार असतात, विद्यार्थी असतात आणि आकाशनिरीक्षकही असतात. नव्या कॅमेऱ्याची किंमत न परवडणाऱ्याला हा बाजार फार मोठा आधार आहे. मात्र तेथे फसायचे नसेल, तर डिजिटल कॅमेऱ्यात काळ नेमका कशावर घाला घालतो, हे ठाऊक हवे. त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली. बांधकामावर मजुरांची रांग घमेली हातोहात पुढे सरकवते, तसा सिलिकॉनच्या पट्टीवरील विद्युतभार एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात सरकवायचा आणि शेवटच्या टोकाला मोजायचा, ही ती युक्ती. त्यांच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने संगणकाची स्मृती होती. चित्र टिपणाऱ्या सीसीडीचे पेटंट त्यांचेच सहकारी मायकेल टॉम्पसेट यांच्या नावावर आहे. २००९चे नोबेल मात्र बॉइल आणि स्मिथ यांना मिळाले, आणि त्यावरून झालेला वाद पुरता शमला असे म्हणता येत नाही.

कोडॅक कंपनीतील तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन याने १९७५ साली फेअरचाइल्ड कंपनीचा १०० गुणिले १०० पिक्सेलांचा सीसीडी वापरून हातात धरता येईल असा पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन सुमारे साडेतीन किलो. एक कृष्णधवल चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत.

भारतात सीसीडीचे पहिले मोठे काम घरगुती कॅमेऱ्यात झाले नाही, ते अवकाशात झाले. १९७९च्या भास्कर-१ उपग्रहावर दूरचित्रवाणीच्या धर्तीचे कॅमेरे होते. १७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून सोडलेल्या आयआरएस-१ए या उपग्रहावर मात्र ‘लिस’ मालिकेचे कॅमेरे होते. त्यांत २०४८ पिक्सेलांची एकेरी रांग असलेले सीसीडी बसवले होते. उपग्रह पुढे सरकत जाई आणि ती रांग ओळीमागून ओळ टिपत जमिनीचे चित्र विणत जाई. लिस-१ची स्पष्टता ७२.५ मीटर, तर लिस-२ची ३६.२५ मीटर होती. देशातील पिके, जंगले आणि पाणीसाठे यांचे डिजिटल नकाशे या आकड्यांवर उभे राहिले. सामान्य भारतीयाच्या हाती डिजिटल कॅमेरा येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

दरम्यान नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत एरिक फॉसम आणि त्यांचे सहकारी वेगळ्या वाटेने निघाले होते. १९९०च्या दशकात त्यांनी विकसित केलेल्या सीमॉस संवेदकात विद्युतभाराची घमेली रांगेतून सरकवावी लागत नाहीत. प्रत्येक पिक्सेलपाशीच एक इवलासा प्रवर्धक असतो. वीज कमी लागते, वेग वाढतो आणि साध्या संगणकीय चिपच्या कारखान्यातच उत्पादन करता येते. १९९९च्या निकॉन डी१ मध्ये २.७ मेगापिक्सेलांचा सीसीडी होता आणि किंमत पाच हजार डॉलरच्या वर होती. पुढच्याच वर्षी कॅननने डी३० मध्ये सीमॉस आणला आणि २००३ साली ३००डी हा कॅमेरा हजार डॉलरच्या आत आणून ठेवला. निकॉनने २००६च्या डी४० मध्येही सीसीडी ठेवला होता, २००८च्या डी९० मध्ये मात्र सीमॉस होता. २०१५ साली सोनीने सीसीडीचे उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला आणि बाजारापुरता हा प्रश्न निकालात निघाला.

आज जुन्या बाजारात सर्वाधिक ऐकू येणारा दावा म्हणजे ‘सीसीडीचे रंगच वेगळे’. गेल्या काही वर्षांत छोटे सीसीडी कॅमेरे पुन्हा तरुणांच्या हाती दिसू लागले, ते बरेचसे याच समजुतीमुळे. भौतिकशास्त्र या दाव्याला फारसा दुजोरा देत नाही. दोन्ही जातींत प्रकाश शोषणारा पदार्थ सिलिकॉनच असतो आणि सिलिकॉनला रंग कळत नाही. प्रकाशकणाने इलेक्ट्रॉन सुटा केला की त्याचे काम संपले. रंग येतो तो पिक्सेलांवर बसवलेल्या लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बेयर यांची, १९७६च्या पेटंटातली. त्यानंतर कॅमेऱ्यातील सॉफ्टवेअर आपली चव मिसळते. जुन्या कॅमेऱ्यांची छायाचित्रे आवडत असतील तर त्या गाळण्यांना, त्या सॉफ्टवेअरला आणि समोरून पडणाऱ्या फ्लॅशच्या प्रखर उजेडाला श्रेय द्यावे.

सीसीडीचा खरा फायदा मात्र क्वचितच कोणी सांगतो. डी४० किंवा डी७० यांचा सीसीडी स्वतःच विद्युत पद्धतीने झडप मिटू शकतो. त्यामुळे फ्लॅशसह सेकंदाच्या १/५०० भागाइतका वेग मिळतो, तर नंतर आलेल्या डी९० ला १/२०० वर थांबावे लागते. शिवाय डी४०च्या एका पिक्सेलची रुंदी सुमारे ७.८ मायक्रॉन आहे. आजच्या अनेक फोनांत ती एक मायक्रॉनच्या आसपास असते. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर फरक साठपटींच्या घरात जातो. सहा मेगापिक्सेल म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

मग जुने काय होते? संवेदक होतो, पण हळूहळू. वैश्विक किरणांच्या माऱ्याने सिलिकॉनच्या स्फटिकरचनेत बारीक दोष निर्माण होतात आणि काही पिक्सेल अंधारातही उजळलेले दिसू लागतात. भिंगावर झाकण लावून ३० सेकंदांचे एक छायाचित्र घेतले की हे ठिपके लगेच दिसतात. विकत घेण्यापूर्वी दुकानातच करण्याजोगी ही सर्वांत स्वस्त चाचणी. ठिपके दिसले म्हणून कॅमेरा टाकाऊ ठरत नाही. अंधाराचे तेच छायाचित्र मूळ छायाचित्रातून वजा करता येते आणि मोठ्या वेधशाळाही सीसीडीच्या बाबतीत हेच करतात. तापमानाकडे मात्र लक्ष हवे. अंधारातील हा गळका प्रवाह दर सहा ते आठ अंशांना दुप्पट होतो, म्हणजे १० अंशांच्या थंड रात्रीपेक्षा किनाऱ्यावरील ३० अंशांच्या रात्री तो सुमारे सातपट असतो.

खरी झीज इतरत्र असते. यांत्रिक झडपेला आयुष्य असते. कॅनन ४०डी किंवा निकॉन डी९० यांच्यासाठी उत्पादकांनी एक लाख उघडझापांचा आकडा दिला होता, आणि निकॉनच्या कॅमेऱ्यांत तोवरची मोजणी छायाचित्राच्या फाइलमध्येच नोंदलेली असते. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डाच्या खाचेत ५० बारीक पिना असतात. कार्ड तिरके खुपसले की एखादी वाकते. फार जुन्या कॅमेऱ्यांना दोन गिगाबाइटपेक्षा मोठे कार्ड ओळखताच येत नाही, त्यामुळे चांगला कॅमेरा कार्डाअभावी पडून राहतो. पावसाळी हवेत भिंगांवर बुरशी चढते आणि ती वेळेत काढली नाही तर काचेवरील लेप खाऊन टाकते. कोलकाता, केरळ आणि कोकण येथून आलेले भिंग विजेरीच्या उजेडात आरपार पाहिल्याशिवाय घेऊ नये.

दमट हवेचे आणखी दोन धडे इतिहासातच नोंदलेले आहेत. २००५ साली सोनीने बनवलेले अनेक सीसीडी उष्ण व दमट वातावरणात निकामी होत असल्याचे उघड झाले. चिपमधील सूक्ष्म तारांची जोडणी सुटत होती. सोनीसह कॅनन, निकॉन, फुजीफिल्म आणि इतर काही कंपन्यांना आपापले कॅमेरे विनामूल्य दुरुस्त करून द्यावे लागले. ती मुदत केव्हाच संपली. त्या काळातला, म्हणजे साधारण २००३-०४चा, छोटा कॅमेरा आज घेताना निदान पडद्यावरची प्रतिमा जांभळी किंवा वेडीवाकडी दिसत नाही ना, हे पाहावे. दुसरे उदाहरण श्रीमंतांचे. २००९च्या लायका एम९ मधील कोडॅकच्या सीसीडीवरील संरक्षक काच आर्द्रतेने गंजू लागली. कंपनीने काही वर्षे संवेदक बदलून दिले, पण पुढे बदलायला संवेदकच उरले नाहीत. म्हणून जुना एम९ घेताना संवेदक बदलल्याची पावती मागतात, आणि पावती नसेल तर भाव बराच उतरतो.

आकाशनिरीक्षकांचा हिशेब आणखी निराळा. ओरायनसारख्या तेजोमेघातील हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरचा गडद लाल प्रकाश देतो, आणि साध्या कॅमेऱ्यातील अवरक्तरोधक गाळणी त्यातला बराचसा अडवते. कॅननने २००५ साली २०डीए आणि २०१२ साली ६०डीए हे खास खगोलछायाचित्रणाचे कॅमेरे काढले, पण ते महाग होते. म्हणून हौशी मंडळी जुना कॅमेरा घेतात, उघडतात आणि ती गाळणी काढून दुसरी बसवतात. नव्या कॅमेऱ्याचे स्क्रू ढिले करून हमीवर पाणी सोडण्याचे धैर्य फारच थोड्यांत असते. पाच-सहा हजारांच्या जुन्या कॅमेऱ्यावर मात्र हा प्रयोग करायला हात कचरत नाही, आणि देशभरातल्या हौशी मंडळांत तेजोमेघ टिपायला शिकणाऱ्यांतले कित्येकजण आजही अशाच उघडलेल्या कॅमेऱ्यापासून सुरुवात करतात.