धुराड्याचा गळा

१६६६ साली लंडन जळालं. आग जिथून पसरली त्या पुडिंग लेनमधल्या थॉमस फॅरिनर या पाववाल्याच्या घरात किती शेकोट्या होत्या, हे आजही सांगता येतं: पाच, शिवाय पावाची एक भट्टी. दुसऱ्या चार्ल्सच्या सरकारने १६६२पासून दर शेकोटीमागे वर्षाला दोन शिलिंग कर बसवला होता, त्याच्या नोंदी शिल्लक आहेत. शेकोट्या मोजायला सरकारी माणूस थेट घरात शिरायचा, आणि लोकांना त्याचीच जास्त चीड होती. १६८९मध्ये हा कर रद्द झाला. गंमत म्हणजे ज्या विस्तवावर सरकार कर घेत होतं, त्याची बहुतेक ऊब घरमालकाच्या वाट्याला येतच नव्हती.

आपल्याला ही घरातली शेकोटी, म्हणजे फायरप्लेस, ठाऊक असते ती सिनेमातली, फार तर महाबळेश्वरच्या एखाद्या जुन्या बंगल्यातली. दिसायला ती देखणी, पण कामाला कुचकामी. भिंतीत मोठा कोनाडा, त्यात लाकडं, वर सरळ आकाशात जाणारं धुराडं. विस्तव पेटला की गरम हवा वर धावते आणि जाताना खोलीतली हवाही ओढून नेते. तिची जागा भरायला दारंखिडक्यांच्या फटींतून बाहेरची थंड हवा आत येते. लाकडातली जेमतेम दहा-पंधरा टक्के उष्णता खोलीत राहते. पुढ्यात बसणाऱ्याचे गुडघे भाजतात आणि पाठ गारठते.

बेंजामिन फ्रँकलिनने १७४०च्या दशकात यावर लोखंडी उपाय काढला. फिलाडेल्फियाच्या आसपासचं सरपण संपत चाललं होतं. त्याची ओतीव लोखंडाची पेटी फायरप्लेसमध्येच बसे आणि धूर वळसे घेत बाहेर जाई. गव्हर्नरने देऊ केलेलं पेटंट त्याने नाकारलं. मग लंडनच्या एका लोखंडवाल्याने किरकोळ फेरफार करून ते स्वतःच्या नावावर घेतलं आणि चार पैसे कमावले, असं फ्रँकलिननेच आत्मचरित्रात नोंदवलं आहे. पेटी मात्र कटकटीची होती. धूर उलटा खोलीत यायचा.

खरा कारागीर निघाला दुसरा बेंजामिन. आडनाव थॉम्पसन, जन्म १७५३चा, मॅसॅच्युसेट्समधला. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात तो इंग्लंडच्या राजाच्या बाजूने राहिला, मग देश सोडून बव्हेरियाच्या चाकरीत गेला आणि तिथे ‘काउंट रम्फर्ड’ झाला. माणूस स्वार्थी, भांडकुदळ. पण उष्णता कशी वागते हे त्याच्याइतकं बारकाईने त्या काळात फार थोड्यांनी पाहिलं होतं. १७९६च्या सुमारास लंडनमध्ये त्याने धुराड्यांवर निबंध छापला. त्याचं निदान साधं होतं. उघड्या विस्तवाची जी ऊब माणसापर्यंत पोहोचते ती किरणांनी, गरम हवेने नव्हे. ती हवा तर वरच पळते. म्हणून त्याने कोनाडा उथळ केला, बाजूच्या भिंती तिरक्या केल्या म्हणजे उष्णता खोलीकडे फेकली जाईल, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, विस्तवाच्या वरचा धुराड्याचा गळा आवळून चारेक इंच ठेवला. धूर निघून जावा, पण खोलीतली हवा मात्र पोतंभर उपसली जाऊ नये.

लागायचं काय, तर थोड्या विटा, चुना आणि एक गवंडी. पेटंट त्यानेही घेतलं नाही. धुरकटणारी पाचशेच्या वर धुराडी आपल्या हाताखालून गेली, असं त्याने लिहून ठेवलं आहे. ही लाट किती पसरली याची खूण जेन ऑस्टेनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’त सापडते: जुन्या मठात भव्य, कोरीव शेकोटी बघायला मिळेल या आशेने आलेल्या नायिकेला तिथे दिसते ती आवळलेली ‘रम्फर्ड’. तिचा हिरमोड होतो.

या हिरमोडामागची शेकोटीची हौस पुढची दीडशे वर्षं इंग्लंडला महागात पडली, असं म्हणायला हरकत नाही. जर्मनी, रशिया, स्कँडिनेव्हियात लोक बंद भट्ट्यांवर सुखाने शेकत होते. इंग्रजाला मात्र ज्वाळा डोळ्यांना दिसायला हवी होती. लाकूड जाऊन कोळसा आधीच आला होता, पण तोंड उघडंच राहिलं. डिसेंबर १९५२मध्ये लंडनवर पाच दिवस काळं धुकं बसलं आणि हजारो माणसं दगावली. १९५६च्या कायद्याने घरगुती धुरावर निर्बंध घातले.

उघडं तोंड पुढे ज्या पेट्यांनी बंद केलं, त्यांतली एक जळते पेलेटवर, म्हणजे भुशाच्या दाबून केलेल्या कांड्यांवर. पेलेटचा जन्म अमेरिकेतला, वखारींच्या उकिरड्यावरचा. लाकडाचा भुसा सुकवून प्रचंड दाबाखाली साच्यातून काढला, की लाकडातलंच लिग्निन तापून मऊ होतं आणि डिंकाचं काम करतं. सहा-आठ मिलिमीटर जाडीची कांडी तयार होते, ओलावा दहा टक्क्यांच्या आत. १९७३च्या तेलसंकटानंतर हे इंधन आधी कारखान्यांत गेलं. घरात ते आणलं १९८०च्या दशकात, बोईंगमध्ये काम केलेल्या जेरी व्हिटफील्ड या अभियंत्याच्या स्टोव्हने.

जुनी फायरप्लेस पेलेटवर आणायची तर आज काय करतात? कोनाड्यात बसेल अशी लोखंडी पेटी सरकवतात. जुन्या रुंद धुराड्यातून वरपर्यंत स्टेनलेस स्टीलची लवचीक नळी सोडतात, व्यास तीन-चार इंच, आणि तिच्याभोवतीची पोकळी पत्र्याने बंद करतात. रम्फर्डचा गळा आता नखशिखान्त आवळला गेला. पेटीतला स्क्रू मोजून कांड्या टाकतो, पंखा मोजून हवा देतो, उष्णतेचा ७०-८० टक्के किंवा त्याहून जास्त भाग घरात राहतो. काचेतून ज्वाळाही दिसते. इंग्रजाची हौस तेवढी सांभाळली आहे.

पण उघड्या शेकोटीत फांदी, फळकूट, मोडकी खुर्ची, काहीही जळायचं. ही पेटी फक्त पेलेट खाते, आणि वीज गेली की विझते. २०२२मध्ये रशियन लाकडावर युरोपीय संघाने बंदी घातली, पेलेटचे भाव भडकले आणि पोती साठवायला लोकांची धावपळ उडाली.

पेलेटच्या भावांचा हा फटका महाराष्ट्राने आधीच सोसला होता, शेकोटीत नव्हे तर स्वयंपाकघरात. ब्रिटिश पेट्रोलियम आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने मिळून ‘ऊर्जा’ नावाची पंख्याची शेगडी काढली, जळण शेतातल्या काडीकचऱ्याच्या पेलेटचं. २००६पासून ती प्रामुख्याने महाराष्ट्र आणि कर्नाटकात विकली गेली, पुढे पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीकडे आली. चार लाखांहून जास्त शेगड्या खपल्या. मग कच्च्या मालाचे आणि त्यापाठोपाठ पेलेटचे भाव चढले, अनेक घरांनी शेगडी बाजूला ठेवली, आणि कंपनी हॉटेलांच्या भटारखान्यांकडे वळली.